मालक रागावेनासे झाले

आमचे मालक चंपतराव यांनी संक्रांतीनंतर रागावणं बंद केलं आणि कारखान्याची घडी विस्कटली. ऐकून हसू येईल तुम्हाला. आम्हालाही सुरुवातीला आलं होतं.

जरीपटक्यातल्या मागच्या एका गल्लीत आमचा सावजी मसाल्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर भाजायच्या मोठमोठ्या कढया, एक चक्की, पुड्या भरणाऱ्या चार बाया आणि कोपऱ्यात काचेची खोली. त्या खोलीत मी, सोनिका, फोन घेते आणि बिलं करते. तिच्या मागे मालकांची खोली. चक्कीवर कवडू असतो. आणि कढईपाशी इंदूताई. त्या उमरेडहून रोज बसनं येतात आणि मसाला भाजतात. कारखाना चालतो तो त्यांच्या हातावर, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

रोज सकाळी पहिली खेप उतरली की चंपतराव चिमूटभर मसाला तळहातावर चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि सुरू व्हायचे. "इंदूताई, धण्याले एवढी घाई काहून?" "कवडू, जाडा दळला गा!" आवाज असा की गल्लीच्या टोकाच्या पानठेल्यावरचे लोक माना वळवून बघायचे. ज्या दिवशी ते एक शब्दही न बोलता हात झटकून आत जायचे, त्या दिवशी मसाला उत्तम झाला असं समजायचं. यापलीकडे कौतुक नव्हतं, पण ते मिळालं की इंदूताई दिवसभर गुणगुणायच्या.

संक्रांतीच्या सुमाराला त्यांना जबर सर्दी झाली. आठवडाभर घरी होते. परत आले ते एकदम गोड होऊन. मसाला हुंगला आणि म्हणाले, "झकास!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा झकास. तिसऱ्या दिवशीही झकास. पुड्यावाल्या बायांनी खुशीत समोसे मागवले. मलाही वाटलं, आजारपणानं माणूस निवळला. पण हळूहळू मला ते खटकायला लागलं. रोज ओरडणारा माणूस समजतो तरी. रोज हसणाऱ्या मालकाचं करायचं काय?

कवडूनं अर्थ लावून टाकला. "कारखाना विकून राहिले भाऊ. ज्याले घर विकाचं असते, थो भिंतीवरच्या डागाले कायले पाहीन?"

त्यात भर म्हणजे फोन आला की चंपतराव दार लावून बोलायला लागले. मला राहवेना. माझा स्वभाव तसाही तोंड शिवून बसणाऱ्यातला नाही. सरळ विचारलं, "भाऊ, कारखाना विकून राहिले का?"

"कोणं सांगतलं तुले? काम कर," एवढं बोलून ते आत गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी ते बाहेर जसंच्या तसं सांगितलं आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं. चक्कीची जाळी साफ करणं मागे पडलं, पुड्या वाकड्या चिकटायला लागल्या. ज्यांना बघायचं त्यांनाच फिकीर नाही, मग आपण कशाला मरा, असं चाललं होतं. इंदूताई मात्र तशाच भाजत होत्या. फक्त गुणगुणणं थांबलं होतं.

मग एका सकाळी त्यांनी ते केलं. फेकायला बाजूला काढलेलं खवट खोबरं उचललं आणि जाणूनबुजून थोड्या मसाल्यात घातलं. असा दर्प सुटला की मी काचेच्या खोलीत पदर नाकाला लावला. चंपतराव आले. मसाला चोळला, डोळे मिटून चांगला लांब श्वास घेतला.

"झकास! इंदूताई, हाताले तोड नाही तुमच्या!"

इंदूताईंनी हातातलं उलथणं खाली ठेवलं.

"खवट खोबरं हाये त्यात," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "ह्याले बी झकास, आन् मी जीव लावून भाजलं त्याले बी झकास. मंग मी भाजतो कायले, भाऊ? कळमन्याचा एक कारखानदार मले कवाचा बोलावून राहिला. उद्यापासून मी येत नाही."

त्या हात धुवायला गेल्या. चंपतराव आपल्या खोलीत जाऊन बसले. माझं डोकं असं सणकलं की मी मागोमाग शिरले.

"भाऊ, बाहेर उभ्या गाईले बी तो वास आला असन!"

"तिले आला असन," ते म्हणाले. "मले नाही आला."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी टेबलाकडे बघत सांगितलं. सर्दी गेली, पण वास परत आला नाही. चहाचा नाही, उदबत्तीचा नाही, मसाल्याचा तर नाहीच. दार लावून बोलायचे ते डॉक्टरशी. येईल म्हणतो, नाहीही येणार म्हणतो.

"सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? मसालेवाल्याले वास येत नाही म्हणून? माह्यं कोण ऐकन मंग?"

"आता कोण ऐकून राहिलं?" माझ्या तोंडून निघून गेलं. मालकाला असं बोलणं बरं नव्हे, पण बोलले. "इंदूताई चपला घालून राहिल्या."

ते उठले. कढयांपाशी येऊन उभे राहिले. ओरडताना कधी न अडखळणारा माणूस, त्याला साधं एक वाक्य जुळवता येईना.

"मले वास येत नाही," शेवटी ते म्हणाले. "संक्रांतीपासून. झकास झकास केलं थे सगळं खोटं. इंदूताई, तुमच्या मसाल्याचं मले काहीच समजत नव्हतं. सांगाची लाज वाटली."

पहिला बोलला कवडू. "म्हंजे कारखाना नाही विकून राहिले?"

"कायले विकू गा?"

"मी तर दुसऱ्या चक्कीत नोकरीचं बोलून बी आलो, बाप्पा!"

बाया हसल्या, मीही हसले. इंदूताई हसल्या नाहीत. "मले तरी सांगाचं होतं, भाऊ," असं म्हणून पिशवी उचलली आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे दाराकडे डोळे लावून होतो. चंपतराव तर कढईपाशी नुसत्या येरझारा घालत होते. गांधीबागेतल्या एका मोठ्या ठोक व्यापाऱ्याचा माल त्याच दिवशी जायचा होता, छोटा हत्ती टेम्पो बाहेर येऊन उभा होता. आणि इंदूताई आल्या. उशिरा आल्या, पदर खोचून भाजायला लागल्या. मला इतकं बरं वाटलं की मी उगाच बिलाचं पुस्तक उघडून बसले.

खेप उतरली, दळून झाली. सवयीनं चंपतरावांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. "तुमीच पाहा," ते म्हणाले. "तुमी म्हणान थेच."

इंदूताईंनी मसाला तळहातावर चोळला. आता तपासणारं कुणी नव्हतं. होकार दिला असता तर माल गाडीत चढला असता, कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी हुंगला. परत हुंगला. त्यांचा चेहरा लालेलाल झाला.

"नाही," त्या म्हणाल्या. "जायपत्री जास्त झाली माह्याकडून. ध्यान नव्हतं. हा माल द्याचा नाही."

गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. चंपतरावांनी तिथेच, आमच्या सगळ्यांच्या देखत, व्यापाऱ्याला फोन लावला. दार लावायला आत गेले नाहीत.

"शेठ, आज माल नाही भेटनार. उद्या देतो." पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. चंपतरावांनी तो सगळा ऐकून घेतला.

"मी नाही पाहिला, शेठ. मले वास येत नाही," ते म्हणाले. "इंदूताईनं पाहिला. त्या नाही म्हणतात."