ब्रेकला न शिवता

म्हाताऱ्याचा मुलगा वारल्यापासून त्याची गाडी दारात उभी होती. उभ्या उभ्याच तिची बॅटरी मेली. नवी बसवली, तेव्हा इंजिनाचा संगणक शिकलेले सारे विसरून बसला होता. ते त्याला पुन्हा शिकवल्याखेरीज गाडी तपासणीत उत्तीर्ण होणार नव्हती, आणि तपासणीवाचून ती विकता येणार नव्हती.

मेकॅनिकने म्हाताऱ्याला रीत समजावली होती: थंड इंजिन सुरू करून काही वेळ जागीच चालू ठेवायचे, मग मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने न्यायचे, शेवटी पाय काढून गाडी आपसूक मंदावू द्यायची. ब्रेकला शिवायचे नाही. शिवलात, की केल्या कामावर पाणी.

आणि दर खेपेस म्हाताऱ्याचा पाय नेमका तिथेच ब्रेकवर जाई.

"काका, जन्मभर बस हाकलीत तुम्ही," मेकॅनिक कपाळाला हात लावून म्हणाला, "आणि ही चिमुरडी ऐकेना तुम्हाला?"

"बस गरीब असते रे. हिला माहेरचा तोरा आहे."

आज सून शेजारी बसली. गाडी विकली गेली, की तीही नोकरीच्या गावी जाणार होती. तेवढ्यासाठीच थांबली होती. मोकळा रस्ता आला. म्हाताऱ्याने वेग धरला, पाय उचलला, आणि तो ठरल्यासारखा ब्रेककडे सरकला.

"बाबा," ती समोर पाहत म्हणाली, "मुद्दाम दाबता ना?"

म्हाताऱ्याचा पाय ब्रेकच्या वरच थबकला.

"तुमच्या बसमध्ये उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळायचा नाही, असं सांगायचा तो."

"बापाची बढाई मारण्यात तो कधी कमी पडला नाही."

"बॅटरी मीच मरू दिली, बाबा. अधूनमधून सुरू करा म्हणून बजावलं होतं मेकॅनिकनं. मी नुसती किल्ली हातात धरून बसायचे."

"मग राहा की," म्हाताऱ्याच्या तोंडून निसटले.

"राहिले, तर आपण दोघंही त्या गाडीसारखे दारात उभे राहू."

म्हाताऱ्याने पाय मागे घेतला आणि खाली टेकवला. वेग ओसरत गेला. मागचा कोणी हॉर्न ठणाणा वाजवत, शिवी हासडत पुढे निघून गेला. एरवी म्हाताऱ्याने सव्याज परत केली असती.

गॅरेजात मेकॅनिकने यंत्र जोडून पाहिले. "जमलं की, काका! आज काय वेगळं केलंत?"

"काही नाही," म्हातारा म्हणाला. सुनेने किल्लीसाठी हात पुढे केला. त्याची मूठ मात्र उघडता उघडेना.