नुसतं पाच ते नऊ

मार्था भांबळ गोदामाच्या दारातच थबकली. विषारी औषध चोळलेल्या बियाण्याच्या थप्पीतल्या पाच ते नऊ नंबरच्या गोण्या गायब होत्या. फरशीवर गुलाबी भुकटी तेवढी सांडलेली. शेजारच्या थप्पीत, खायच्या ज्वारीच्या पाच ते नऊ मात्र जागच्या जागी होत्या.



राहुरीजवळच्या त्या बियाणे केंद्रात ती कॉम्प्युटरसाठी सूचना लिहायची. कॉम्प्युटर पुण्यात, भोकं पाडलेली कार्डं एसटीनं जायची, छापील चिठ्ठ्या परत यायच्या. सूचनांची छोटीशी भाषा केंद्रातल्याच जॉर्ज साळव्यांनी बसवली होती. तिच्यात आधी यादीचं नाव, मगच 'पाच ते नऊ' असा तुकडा लिहावा लागे. मार्थाला हे जाचायचं. तुकडा सुटा लिहू द्या, एकदा लिहिला की हव्या त्या यादीला लावता येईल, असा तिनं महिनाभर हट्ट धरला होता.

"नुसतं पाच ते नऊ? कशातलं, पोरी?"

"ज्या यादीला लावू तिच्यातलं, सर."

"आणि लावायचं राहिलं तर?"

"कसं राहील?"

सरांनी शेवटी मानलं. आणि नेमकं तेच राहिलं. खायच्या ज्वारीच्या यादीचं नाव असलेलं कार्ड तिनं घातलंच नाही. यंत्रानं सुटा तुकडा शेवटी वाचलेल्या यादीला चिकटवला, ती औषधाच्या बियाण्याची. चिठ्ठीवर थप्पीचा नुसता नंबर होता. हमालांनी काल तो बघून गोण्या भरल्या. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांच्या जेवणासाठी त्या घोडेगावला गेल्या होत्या.

जॉर्जसरांनी जीप काढली. वाटभर मार्थाला फक्त पंगत दिसत होती.

घोडेगावला चार गोण्या शिवलेल्याच सापडल्या. पाचवी उघडी होती. स्वयंपाक बघणारी गोजरबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"थांबा मावशी! कुणी खाल्लं?"

"पंगत बसायचीय अजून. ज्वारी लाल हुती, म्हून तीन पान्यानं धुतली, वाळवून दळली. म्या अर्धी भाकर चाखली तेवढी. काय झालं, बाई?"

"विषारी औषध लावलेलं बियाणं आहे ते!" सरांनी परात उचलून बाजूला ठेवली.

गोजरबाईला नगरच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, हे विष लगेच दिसत नाही, आधी बोटं थरथरायला लागतात, तीन आठवडे वाट बघा. मार्था रोज संध्याकाळी जायची. गोजरबाई पाण्याचा तांब्या उचलायची आणि मार्था श्वास रोखून तिच्या बोटांकडं बघत राहायची. एकदा तांब्या हातातून निसटला. मार्था ओरडलीच.

"ओला हुता गं," गोजरबाई म्हणाली. पण तिनंही आपली बोटं डोळ्यांपुढं धरून बघितली.

बाविसाव्या दिवशी तिला घरी सोडलं. मार्थानं बाहेरच्या कट्ट्यावर बसून मनसोक्त रडून घेतलं.

"सुटा तुकडा काढून टाका, सर," तिनं विनवलं.

"तो राहू दे. यंत्रानं आपल्या मनानं यादी निवडली, ते वाईट. नाव नसेल तिथं त्यानं थांबलं पाहिजे."

तसा बदल झाला. तरी मार्था पुढं प्रत्येक कार्ड तीनदा वाचायची, आणि चौथ्यांदा सरांकडून वाचून घ्यायची.