एका टीचा फरक

माझं अक्षर चांगलं आहे, असं मी म्हणत नाही, बाबा म्हणतात. बाबा म्हणजे माझे सासरे, भाषेचे निवृत्त शिक्षक. दिसायला जुळे पण नात्याने परके अशा इंग्रजी शब्दांचा ते मराठीतून कोश करतायत. अठरा वर्षं त्यांनी सांगायचं आणि मी कार्डावर लिहायचं, असं आमचं चाललं. मागच्या खोलीत बुटांचे एकवीस खोके आहेत आणि त्यांत बूट एकही नाही. गॅसवर दूध उतू गेलं, पण मी शब्द कधी अर्धा सोडला नाही.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि धाकटी आली, ती कॉम्प्युटर घेऊनच. आठ महिन्यांत तिने सोळा खोके टाइप केले, तेही कीबोर्डकडे न बघता, वर माझ्याशी गप्पा मारत. बाबांची नजर दोन वर्षांत फार अधू झालीय. अक्षर दिसत नाही, पण कीबोर्डचा आवाज ऐकू येतो. तो ऐकून म्हणायचे, "काय वेग आहे पोरीचा." माझ्या पेनचा आवाज होत नव्हता, हा काय माझा दोष?

खरं सांगते, मी जळत होते. लपवून काय उपयोग? सगळा स्वयंपाक मी करायचा आणि वाढायला हिने यायचं, असली तऱ्हा. बरं, भांडावं तर भांडायला जागा नाही. "ताई, तुम्ही बसा, मी करते," हे तिचं दिवसातून दहा वेळा. अशा माणसाचा राग धरायचा तर फार कष्ट पडतात. मी ते घेतले.

त्यात प्रकाशकाचा निरोप आला. आधी नमुन्याचं एक पान पाठवा, ते पसंत पडलं तर पुस्तक काढू. पहिल्या पानावर बाबांच्या नावाखाली सहायक म्हणून एक नाव घालता येईल. एकच.

"पान पसंत पडू दे, मग ठरवू," बाबा म्हणाले.

अठरा वर्षांनंतर ठरवायचं काय शिल्लक राहतं, ते मला कळेना. नाव मला हवं होतं. माझ्या नावाचं छापलेलं असं घरात काही नाही, एक लग्नपत्रिका सोडली तर.

नमुन्याला बाबांनी त्यांचं लाडकं पान काढलं. रब्बी आणि रॅबिट. इंग्रजीत लिहिताना फरक फक्त शेवटच्या टीचा. रब्बी म्हणजे यहुदी धर्मगुरू. हिब्रूत 'रव' म्हणजे थोर, त्यावरून 'रब्बी', म्हणजे 'माझे गुरू'. आपल्या रब्बी पिकाशी त्याचा काही संबंध नाही, तो शब्द अरबीतून आला, वसंतावरून. आणि रॅबिट म्हणजे ससा. तो कुठून आला ते नक्की कोणालाच माहीत नाही, समुद्रापलीकडून कुठून तरी आला असावा म्हणतात. पूर्वी रॅबिट फक्त पिल्लाला म्हणायचे. मोठ्या सशाला वेगळा शब्द होता. पुढे तो मागे पडला आणि पिल्लाचं नाव सगळ्यांना लागलं.

"म्हणजे एक थोरली आणि एक धाकटी," बाबा हसून म्हणाले. "एका पानावर शेजारीशेजारी, नातं काही नाही. जावाच की."

धाकटी खूप हसली. मीही हसले. पण धाकट्याच्या नावाने थोरल्याचं नाव खाल्लं, ते काही माझ्या मनातून जाईना.

धाकटीने पान टाइप करून माझ्या हातात दिलं. "ताई, मी तुमच्या कार्डांवरून डोळे झाकून उतरवलंय. तेवढं तपासाल ना?"

मी तपासलं. पानावर रब्बी नव्हताच. एकाच शब्दाच्या दोन नोंदी असाव्यात तसे दोन रॅबिट होते, पहिल्यापुढे १ आणि दुसऱ्यापुढे २. पहिल्याचा अर्थ, यहुदी धर्मगुरू. दुसऱ्याचा अर्थ, ससा. एक टी जास्तीचा पडला होता आणि धर्मगुरूला कान फुटले होते.

बाबा समोर बसले होते. "वाच," म्हणाले.

मी वाचलं. कागदावर रॅबिट होतं, मी रब्बी वाचलं. मोठ्याने, सावकाश, अठरा वर्षं वाचत आले तसं. बाबांनी मान डोलावली. मी खाली 'तपासले' असं लिहून सही केली आणि पाकीट चिकटवलं. आता बघू या वेगाचं काय होतं, असं वाटलं.

दहा दिवसांनी प्रकाशकाकडच्या बाईंचा फोन आला. ऐकायला सोपं जावं म्हणून बाबा फोन स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे सगळ्या घराने ऐकलं.

"सर, तुमच्याकडे ससे प्रवचन करतात का? ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली." मग जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "पान नीट करून पाठवा. तोवर बाकीचं थांबवू या."

बाबांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"कोणाकडून झालं हे?"

"माझ्याकडून, बाबा," धाकटी लगेच म्हणाली. "टाइप करताना."

"थोरलीच्या हातून असं झालं नसतं," बाबा म्हणाले. "नाव तिचंच घालू या. सूनबाई, तुझं मूळ कार्ड काढ, त्यावरून नीट करून देऊ."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तोंड गंभीर ठेवून मी मागच्या खोलीत गेले. सोळावा खोका उघडला. सशाचं कार्ड होतं, रब्बीचं नव्हतं. मी कार्ड चुकीच्या जागी ठेवत नाही. शोधलं तेव्हा धाकटीच्या कीबोर्डखाली सापडलं.

आणि त्यावर टी होता.

माझीच शाई, माझंच अक्षर. शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवायची माझी जुनी खोड आहे, आणि इंग्रजी 'आय'वर ठिपका न देता मी छोटी आडवी रेघ देते. इथे शेपटी जरा जास्त वर गेली आणि रेघ नेमकी तिच्यावर बसली. कोणीही रॅबिटच वाचलं असतं.

धाकटी दारात उभी होती.

"हे कधी बघितलंस?" मी विचारलं.

"काल. सहज शंका आली म्हणून. आज प्रकाशकांना फोन करणार होते, तेवढ्यात त्यांचाच आला." तिने आवाज खाली आणला. "राहू दे ना, ताई. बाबांचा तुमच्या अक्षरावर फार जीव आहे. आणि नाव तुमचंच हवं. मी काय, समोरचं बघून टाइप केलं."

मला रडू आलं नाही. मला राग आला, असा की कानशिलं तापली. वेगात ही पुढे, कौतुकात ही पुढे. आता चांगुलपणातही हीच पुढे जाणार, आणि मी जन्मभर हिच्या उपकाराखाली, पुस्तकाच्या पहिल्या पानावर? ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी कार्ड घेऊन बाहेर आले. "बाबा, टी माझ्या कार्डावर आहे. माझ्या हातचा. हिने होतं तसं उतरवलं."

बाबांनी चष्मा काढला.

"आणि पान मी तपासलं तेव्हा मला चूक दिसली होती. तुम्हाला मी मुद्दाम रब्बी वाचून दाखवलं. हिची फजिती व्हावी म्हणून."

"ताई," धाकटी म्हणाली. एवढंच.

बाबा चष्मा पुसू लागले. त्या चष्म्यातून त्यांना दिसत नाही, तरी रोज पुसतात. "चूक कोणाचीही होते," ते म्हणाले. "पण माझे डोळे म्हणजे तू होतीस गं."

मी कार्ड त्यांच्यापुढे टेबलावर ठेवलं.

मग त्यांनी कोरा कागद मागवला आणि माझ्यापुढे सरकवला. "नीट केलेल्या पानासोबत प्रकाशकाला नाव कळवायचंय. तूच लिही. कोणाचं ते तुझं तू ठरव. मला काय, दिसत नाही."

मी पेन उघडलं. एकदा वाटलं, माझं लिहावं. अठरा वर्षं काही खोटी नव्हती. धाकटी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली होती, मुद्दाम, मला मोकळं वाटावं म्हणून. तिथेही तिने मला गाठलंच.

मी धाकटीचं नाव लिहिलं. सावकाश, शेपटी न वळवता.

"वाच," बाबा म्हणाले.

जे लिहिलं होतं तेच वाचलं. धाकटी गर्रकन वळली, कागदावर वाकली, आणि तिचे डोळे भरून आले. त्या सुंदर अक्षराकडे ती बघतच राहिली. तसं तिला सात जन्मांत जमणार नाही.