हाक पुरी होईस्तोवर

साहेब गावी, एडवणला आला, तर सुजीतच्या पदरात काय काय पडणार होतं बघा. कंत्राटी कामगाराची पिवळी दोरी जाऊन गळ्यात कायम नोकरीची निळी दोरी. कँटीनमध्ये पंख्याखालची जागा. आणि माहीमच्या रिद्धीचा बाप, जो ‘कायम झालास की बोलू’ म्हणत नुसत्या चहावर बोळवण करायचा, तो पाट मांडून जेवायला वाढणार.

साहेब म्हणजे तारापूरच्या कारखान्यातला धीरज साहेब. त्याच्या तोंडी एकच मंत्र: पुश. माल अडला, पुश करा. माणूस दमला, स्वतःला पुश करा. “सुजीत, तुझं नाव वर पुश करतोय,” हे तर येताजाता. नाव मात्र होतं तिथंच. पावसाळाभर वाळूवर झाकलेली होडी सगळी आळी मिळून, म्होरक्याची लांब हाक संपताच, एकदम जोर लावून समुद्रात ढकलते, हे ऐकून साहेब खुर्चीतून उठलाच. “हे खरं पुश! मी येणार. व्हिडिओ काढ माझा.”

त्या रविवारी सुजीतचा पाय घरात ठरेना. सारखा रस्त्यावर जाई, परत येई.

“साहेब येतोय का नवरी?” आई हंसा म्हणाली. “बस की गप!”

भरतीच्या वेळेला साहेब आला. बूट काढून त्यानं थेट होडीला खांदा लावला. सुजीतचा बाप दादू होडीखाली ओंडके सरकवत होता. वाकूनच म्हणाला, “सुज्या, सायबाला सांग. हाक पुरी होईस्तोवर जोर नाय लावायचा. मी खाली हाय.”

सांगायला कितीसा वेळ? पण साहेबाला ‘थांबा’ म्हणायचं, तेही आजच्या दिवशी? सुजीतची जीभ उचलेना. “सांगतो,” म्हणाला आणि मोबाईल धरून हसला.

हाक अर्ध्यावर असतानाच साहेब गरजला, “पुश!” त्या आवाजासरशी बाजूच्या पोरांनीही जोर केला. होडी ओंडक्यावरून घसरली. दादूचा उजवा हात खाली.

पालघरला दवाखान्यात नेताना, हंसाच्या फाडलेल्या पदरात गुंडाळलेला हात छातीशी धरून दादूनं विचारलं, “सांगितलं होतंस ना रे?”

“सांगितलं होतं, बाबा.”

पुढं गाडी चालवणाऱ्या साहेबानं आरशातून सुजीतकडे पाहिलं. मग म्हणाला, “हो काका. मलाच राहवलं नाही.”

नाव खरंच वर गेलं. निळी दोरी आली, पंखा आला. माहीमला पाट मांडले गेले. साहेबाच्या माथी खोटा दोष बसला, तो त्यानं मुकाट्यानं वागवला. होडी त्या वर्षी दुसऱ्यानं चालवली. बोटं गेली दादूची. व्याह्याच्या पंक्तीत डाव्या हातानं भात कालवत तो अभिमानानं सांगत होता, “आमच्या पोरानं बजावलं होतं सायबाला.”

सुजीतचं ताट तसंच राहिलं.