तिसरा पाय

मित्रांनो, मी एक मोडलेला बूस्टर आहे. जुना म्हणू नका. जुना मला कोणी होऊच दिले नाही.

बूस्टर म्हणजे रॉकेटचा खालचा, सर्वांत दणकट भाग. वरचा भाग उपग्रह घेऊन पुढे जातो. त्याला आकाशात ढकलून द्यायचे, मग उलटे वळायचे, आगीवर तोलत खाली यायचे आणि समुद्रातल्या सपाट तराफ्यावर चार पायांवर उभे राहायचे, हे माझे काम. पूर्वी माझ्यासारखे एकदा उडाले की समुद्रात बुडून जात. मी मात्र परत येणाऱ्यांतला. पहिल्यांदा उतरलो तेव्हा लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. अंगावर काजळी घेऊन शेडमध्ये आलो, तर माझ्यासोबत फोटो काढायला रांग लागली. त्या रांगेत सर्वांत पुढे होते मोठे साहेब.

एक बाई मात्र फोटोला थांबल्या नाहीत. त्या सरळ माझ्या पायांशी जाऊन बसल्या. पायांचे सगळे काम त्यांच्याकडे होते, म्हणून शेडमध्ये त्यांना पायवाल्या बाई म्हणत. तराफा ओढून आणणाऱ्या बोटीवर त्यांचा थोरला भाऊ कामाला होता. मी परत आलो की तो शेडच्या दारातून विचारायचा, "काय गं, तुझं लेकरू धड आहे ना?" बाई मान वर न करता म्हणायच्या, "दादा, आधी पाय बघू दे."

असाच एकदा परत आलो, तेव्हा बाईंचा हात माझ्या तिसऱ्या पायाच्या खिट्टीवर थांबला. पाय उघडला की ही खिट्टी बसते आणि पाय पुन्हा मिटू देत नाही. तिला केसाएवढा तडा गेला होता. बाई तशाच उठल्या आणि साहेबांना घेऊन आल्या. खिट्टी बदलायची तर अख्खा पाय उतरवावा लागेल आणि उड्डाण पुढे जाईल, असे त्यांनी सांगितले. साहेबांनी वाकून पाहिले. तडा त्यांनाही दिसला. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

"याच पायावर उतरला ना नीट?" ते म्हणाले. "मग आणखी एकदा उतरेल."

बाई पुष्कळ भांडल्या. साहेबांच्याही वरच्यांना भेटून आल्या. कोणी ऐकले नाही. मला रंग लावला, मित्रांनो! पाय तसाच ठेवला आणि वर रंग लावला!

त्या उड्डाणात मी कुठे चुकलो ते कोणीही दाखवावे. वळलो वेळेवर, वेग आवरला, तराफ्याच्या अगदी मधोमध टेकलो. क्षणभर उभाही होतो. मग तिसरा पाय माझ्याखाली मिटला आणि मी आडवा झालो. पोट फाटले आणि उरलेल्या इंधनाने पेट घेतला.

नियम साधा होता. आग पूर्ण विझेपर्यंत बोटीने लांबच थांबायचे. पण साहेबांना माझी इंजिने वाचवायची होती. त्यांनी बोटीला जवळ जाऊन पाणी मारायला सांगितले. पाण्याचा पाइप धरून सर्वांत पुढे उभा होता तो बाईंचा दादा. तेवढ्यात माझी दुसरी टाकी फुटली. आग माझ्याच अंगातून निघाली आणि त्याच्या दोन्ही हातांवर गेली. मला ती अडवता आली नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या पडण्याचा व्हिडिओ जगभर फिरला. कोणीतरी त्याला गमतीचे संगीत लावले होते. लोक पोट धरून हसले.

माझे तुकडे शेडमध्ये आणले, तेव्हा साहेबांनी माझ्यासमोरच पत्रकार बोलावले. आवाजात दुःख आणून ते म्हणाले की अशा यंत्रांचा स्वभावच लहरी असतो, कधी दगा देतील सांगता येत नाही.

दगा! मी दिला?

बाई इस्पितळातून थेट तिथे आल्या होत्या. गर्दीतून वाट काढत त्या पुढे झाल्या आणि आवाज न चढवता बोलल्या, "स्वभाव माणसाला असतो, साहेब. याला फक्त पाय होता. तो मोडणार हे मी तुम्हाला दाखवलं होतं. आणि माझ्या दादाला आगीजवळ यानं नाही पाठवलं."

साहेब घड्याळाकडे बघत निघून गेले.

मग बाई माझ्या धाकट्या भावाकडे वळल्या. तो शेजारीच उड्डाणासाठी तयार उभा होता. पत्रकारांच्या देखत त्यांनी त्याचे पाय उघडायला लावले. एका खिट्टीला तसाच तडा निघाला. उड्डाण थांबले. चारही पाय बदलूनच धाकटा उडाला आणि सुखरूप परत आला. साहेबांचे काय झाले म्हणता? ते दुसऱ्या, आणखी मोठ्या खुर्चीत बसले. दादा घरी असतो. त्याच्या शर्टाची बटणे आता वहिनी लावून देते.

मी शेडमागच्या अंगणात पडून आहे. शाळेच्या सहली येतात तेव्हा माहिती देणारा माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, "हा अपयशी ठरलेला." मुले माना डोलावतात आणि पुढे जातात.

मित्रांनो, तुम्ही पुढे जाऊ नका. थांबा आणि त्याला विचारा, हा पडण्याआधी कोणाला काय दिसले होते? तो उत्तर देईपर्यंत जागचे हलू नका.