मनगटावरचा वळ

“हा कसला वळ गं?” रेवतीने लेकीचं मनगट उजेडात धरलं.

“सर पट्टी बांधतात. गळाची दांडी फिरवताना मनगट वाकू नये म्हणून. सोड ना, आई!”

मुलुंडच्या एका क्लबच्या तळ्यावर उन्हाळी शिबिरात मुलांना फ्लाय फिशिंग शिकवत होते. पिसांची खोटी माशी बांधलेला गळ लांब दोरीने पाण्यावर अलगद टाकायचा; मासा लागलाच तर सोडवून परत पाण्यात. बाप गेल्यापासून घुमी झालेली बारा वर्षांची मनाली हल्ली आपणहून उठून तयार व्हायची. दर वाक्यात ‘सर म्हणतात’. दुसऱ्या कुणा आईला बरं वाटलं असतं. रेवतीने वळ पुन्हा निरखून पाहिला.

याच वयात ती घाटकोपरला पोहायला जायची. शिकवणारे काका सगळ्यांचे लाडके. आई तिथेच बाकावर शेजारणीशी गप्पा मारत बसलेली असे, आणि तिला कधीच काही दिसलं नाही. रेवतीनेही ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने शिबिर चालवणाऱ्या मुकुलला फोन लावला. “तो माणूस मुलींच्या हाताला हात लावतो. मला चालणार नाही.”

“मॅडम, अंबादास सर तसे नाहीत हो.”

“तसा कोणीच नसतो. तू बोलतोस त्यांच्याशी, की मी येऊ?”

तो बोलतो म्हणाला. तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून ती तळ्यावर जाऊन बसलीच.

अंबादास साठीचा, काटक माणूस. मरोळच्या एका कारखान्यात लेथवर उभा जन्म गेलेला. मालकाला गळाने मासे धरायचा नाद. त्याचं सामान सांभाळायला हिमाचलला जाता जाता हाही शिकला. त्याने रेवतीकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

“आजपासून पट्ट्या एकमेकांना बांधायच्या,” तो मुलांना म्हणाला आणि चांगला लांब जाऊन उभा राहिला. हात पाठीमागे.

रेवती डोळ्यांत तेल घालून बघत होती. मनात काही नसेल तर एवढं लांब कशाला राहायचं? की आज आई बसलीय म्हणून हे नाटक?

तेवढ्यात मनालीची दोरी वाऱ्याने मागे फिरली. गळ कानामागच्या केसांत रुतला.

“सर! सर, कानाला टोचतंय!”

अंबादास धावला. चार पावलांवर येऊन जागीच थांबला.

“हलू नको, बाळा. ताई, तुम्ही या. लवकर.”

रेवतीने लेकीचं डोकं छातीशी धरलं.

“ओढू नका. आधी दोरी सैल करा. आता गळ आत शिरला तसाच मागे न्या. सावकाश. त्याच्या टोकाला अडकवणारा उलटा काटा ठेवलेला नाही, सुटेल.”

त्याचा आवाज शांत होता. त्याने स्वतःचंच मनगट घट्ट आवळून धरलेलं रेवतीला दिसलं. गळ सुटला. रक्ताचा टिपूसही आला नव्हता.

“सर का नाही आले?” मनालीने विचारलं. रेवती उठून अंबादासजवळ गेली.

“सर, मी काल फोनवर... माझं चुकलं असेल.”

“असं कसं म्हणता? पोरगी तुमची आहे,” तो दोरी गुंडाळत म्हणाला. “विचारायलाच पाहिजे. फक्त आधी मला विचारलं असतं, तर...”

शिबिर सुटलं. सगळ्यांत लहान असलेली मधुवंती टाळी द्यायला हात उंचावून त्याच्यासमोर उडी मारत आली. “बाय, सर!”

अंबादासचा उजवा हात अर्धा वर गेला आणि थबकला. मग त्याने डावा त्याला जोडला, आणि एखाद्या वडीलधाऱ्या बाईला करावा तसा किंचित वाकून त्या सात वर्षांच्या मुलीला नमस्कार केला.

मधुवंतीने उंचावलेला हात खाली घेतला. मग तिनेही हात जोडले.