येताना थांबू

काठमांडूला गाडीने जायचं हे धनेशच्या डोक्यात दोन वर्षं घोळत होतं. उरणजवळच्या गावात त्याचे तीन ट्रेलर बंदरावर धावत होते, आणि आता दारात नवी मोठी गाडीही उभी होती. मित्र विनेशही स्वतःची गाडी घेऊन निघणार होता. धनेशने बायकोला, प्राप्तीला विचारलं आणि मग आईलाही. कृष्णाबाईचा जन्म मिठागरात राबण्यात गेला होता. पशुपतीनाथाचं नाव ऐकताच तिने आढेवेढे न घेता नवं लुगडं पिशवीत भरलं.

माघातल्या एका पहाटे दोन्ही गाड्या निघाल्या. नाशिक, धुळं मागे पडलं. विनेश पुढे होता आणि फोनवरून सारखा चिडवत होता, "काय रे, बैलगाडी आणलीस का?" मग धनेशचा पाय आपोआप दाबला जाई.

खलघाटच्या पुलावर गाडी आली तेव्हा आई मागच्या सीटवरून पुढे वाकली. "बाला, ही नर्मदामाय ना? जरा गारी थांबव. पाण्यान पाय टाकाचं हाय."

"आये, आता नको. विनेश लांब गेला. येताना थांबू."

"बरं," ती म्हणाली आणि काचेतूनच हात जोडले.

उत्तर प्रदेशात रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोहरी पिवळीधमक फुलली होती. शेतात बाया गवत कापत होत्या. "कशा बसतान बघ, आपल्यासारख्याच," आई म्हणाली. "दोन गोष्टी बोलून येऊ का?" प्राप्तीने नवऱ्याकडे पाहिलं. "त्यांची भाषा तुला कळणार आहे का?" धनेश हसत म्हणाला. "येताना थांबू."

सोनौलीला गाडीचे कागद करून ते नेपाळात शिरले. पुढे डोंगर लागले. खाली हिरवी नदी वाहत होती, रस्ता वळणावळणाचा होता. एका वळणावर ढग सरले आणि समोर बर्फाचं शिखर उन्हात उघडं पडलं. आई जवळजवळ ओरडलीच, "अगो बाय! मिठाची रास जशी! थांबव रे बाला, थांबव!"

मागून ट्रक येत होता. पुढे थांबायला जागा होती, ती धनेशला दिसलीही. पण सोनौलीला कागदांपायी विनेश मागे अडकला होता, आणि त्याच्या आधी काठमांडू गाठायची संधी आज पहिल्यांदाच हाती आली होती. "येताना, आये. नक्की," तो म्हणाला. पुढच्या वळणाला शिखर डोंगराआड गेलं. त्यानंतर आईने काही मागितलं नाही.

काठमांडूत धनेशच आधी पोचला. हॉटेलच्या दारात त्याने विनेशला टाळी दिली, फोटो काढले, गावच्या ग्रुपवर टाकले. सकाळी पशुपतीनाथाचं दर्शन झालं. गर्दीतून बाहेर आल्यावर आई पायरीवर बसली ती उठेना. तिचे पाय घोट्यापासून सुजून टम्म झाले होते.

डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "वाटेत उतरून चालत होत्या का?"

धनेशने मान खाली घातली.

"एवढा वेळ बसून आणलंत? आता गाडीने परत नेऊ नका."

आई प्राप्तीबरोबर विमानाने परतली. विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसून ती लेकालाच बजावत होती, "सावकाश ये रे. माझी काळजी करू नको."

धनेश एकटा परत निघाला. विनेशचा फोन आला तरी तो घाई करीत नव्हता. खलघाटला त्याने गाडी वळवली. घाट रस्त्याला लागूनच होता. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायला चहा पिण्याएवढाही वेळ लागला नाही. एक म्हातारी सुनेच्या हाताला धरून गुडघाभर पाण्यात उभी होती. धनेश काठावर उभा राहिला. त्याला पाण्यात उतरवेना.

घरी आला तेव्हा शेजारची आवडाबाई पडवीत बसली होती. "काय काय पायलंस गो?" ती विचारत होती. आई कौतुकाने सांगत होती, "नर्मदा लागली, पिवळी शेतां लागली, डोंगर लागलं. आन माझा धनेश काय गारी चालवतो! कुठंच थांबला न्हाय."

बाहेर चपला काढता काढता धनेश तसाच थबकला.

पायांची सूज उतरली, पण डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला कायमचं नाही म्हटलं. मग चैत्रात एका रविवारी धनेशने आईला मुरुडला न्यायचं ठरवलं. आज कुणाच्या पुढे जायचं नव्हतं. अलिबाग सोडल्यावर रेवदंड्याच्या खाडीपाशी त्याने वेग कमी केला. "आये, थांबू? उतरतेस?"

"नको बाला."

काशीदला समुद्र अगदी रस्त्यापाशी आला. सुरूच्या झाडांखाली एक बाई शहाळी विकत होती. धनेशने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागचं दार उघडून हात पुढे केला. "चल ना आये. पाण्यात पाय टाकू."

आईने समुद्राकडे पाहिलं. मग त्याच्या हातावर थोपटलं आणि पदर सावरून सीटवर नीट टेकून बसली.

"चल तू," ती मायेने म्हणाली. "तुला उशीर व्हईल."